रसवंतीचा बाक

प्रज्ञाने आधी दुसरा ग्लास शोधला. मनमाड रोडवर उसाच्या ट्रॅक्टरमागे रिक्षा अडकलेली. मांडीवर दीड वर्षाचा सम्यक, लस टोचल्यामुळे रडून रडून आता नुसते हुंदके देणारा. शेजारी साडेचार वर्षांची मैत्री, दवाखान्यात 'मला पण टोचा' असा जगावेगळा हट्ट करून दमलेली. आणि रस्त्याच्या पलीकडे, चिपाडांच्या ढिगाला लागून असलेल्या रसवंतीत, हिरव्या जाळीच्या सावलीला चेतन बसलेला. तिचा नवरा. बूट काढून बाकाखाली सारलेले, मोजे बुटात कोंबलेले, एक पाय वर घेतलेला, पाठ मागच्या बांबूला टेकलेली आणि समोर ग्लास. एकच. तिने पुन्हा नीट बघितलं. दुसरा ग्लास असता तर दुसरं माणूस असतं, एखादी बाई असती, आणि मग काय करायचं हे सगळ्या जगाला ठाऊक आहे: रडायचं, भांडायचं, माहेरी फोन लावायचा, भावाला बोलावून घ्यायचं. पण दुसरा ग्लास नव्हता. हातात मोबाईलही नव्हता. चेतन काही म्हणजे काहीच करत नव्हता. तोंड रस्त्याकडे होतं, पण रस्ता बघत होता असंही नाही. त्याच्या चेहऱ्यावर कुणाची वाट बघणं नव्हतं, की कुणी आपली वाट बघतंय याची घाई नव्हती. प्रज्ञाच्या पोटात दुखलं. बिचारा दमला असेल, असं एखाद्या भल्या बाईच्या मनात आलं असतं. हिच्या मनात आलं, मेल्या, तू बसलायस! रिक्षावाला मान मागे वळवून म्हणाला, "ताई, रस घ्यायचा का? लेकरांना बी जरा बरं वाटंल." ती म्हणाली, "नको. चला तुम्ही." मैत्रीची मान तिकडे वळायला लागली तशी ती घाईघाईने म्हणाली, "ते बघ, ट्रॅक्टर! केवढा ऊस!" मैत्रीने ट्रॅक्टर बघितला. 'पप्पा' अशी एक हाक गेली असती, तर तो चेहरा पुसला जाऊन नेहमीचा चेहरा आला असता, एवढं तिला कळत होतं. पण नवऱ्याला आपण लेकीपासून का लपवतोय, हे काही तिला कळलं नाही.

भिस्तबागच्या अलीकडे त्यांची सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण असते-नसते. एका खांद्यावर पोर, दुसऱ्या खांद्यावर बॅग, बोटाला पोरगी, अशी ती जिना चढली आणि चढता चढता तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली, की पहिली पाळी तीनला सुटते. कंपनीतून घर कितीसं लांब? आणि हा येतो पाचच्या पुढे. कधी लाईन बंद पडलेली असते, कधी माल परत आलेला असतो, कधी साहेबांनी थांबवून घेतलेलं असतं. आणि ती चहाचं आधण ठेवून, बिचाऱ्याची काय ही नोकरी, म्हणत असते. तिने दाराची वरची कडी लावली. ही वरची कडी मैत्री चालायला लागली तेव्हा बसवलेली, हात पोचू नये म्हणून. मग मैत्रीचा हात खालच्या कडीला पोचला, मग स्टुलावर चढून वरच्या कडीलाही पोचला, तेव्हा स्टूलच माळ्यावर गेलं, आणि आता प्रज्ञालाही माळ्यावरचं काही काढायचं म्हणजे शेजारून स्टूल आणावं लागतं. अशी सगळी तऱ्हा. घरातून बाहेर पडायचं तर आधी दोघांची शी-शू बघायची, मग सम्यकला खाऊ घालायचं, तोवर मैत्रीला पुन्हा भूक लागते, मग पाण्याची बाटली, कपडे, डायपर, तापाचं औषध, ते पिवळं बदक, ज्याच्याशिवाय रिक्षात बसायचं नाही असा नियम आहे. आणि हे सगळं होईपर्यंत जिथे जायचं तिथे जावंसं वाटत नाही. मनात येईल ते करणारं घरात एकच माणूस उरलं होतं आणि ते दीड वर्षाचं होतं. त्याला वाटलं की ते उठतं, चालायला लागतं, मध्येच बसतं, भिंत चाटतं. प्रज्ञा कित्येकदा त्याच्याकडे बघत उभी राही आणि तिला आपल्या पोराचा खराखुरा हेवा वाटे. आता त्याच्या जोडीला बापही निघाला होता.

हिला काही जन्मजात असं बांधून घातलेलं नव्हतं. लग्नानंतरची तीन वर्षं गावातल्या दिल्ली गेटजवळ एका इंजिनिअरकडे ती घरांचे नकाशे काढायची, कॉम्प्युटरवर, आणि संध्याकाळी घरी येऊनही काढायची. खाली चेतनची मोटरसायकल यायची आणि हॉर्न वाजायचा. दोनदा. दोनदा म्हणजे जशी असशील तशी ये. एकदा वाजला म्हणजे नुसता आलो. दोनदा वाजला की ती गॅस बंद करायची, किल्ली घ्यायची आणि पायात सापडेल ती चप्पल घालून खाली. कुठे जायचं हे तिला ठाऊक नसायचं आणि गंमत म्हणजे त्यालाही नसायचं. कोपऱ्यावर गाडी थांबवून तो विचारायचा, "डावीकडे की उजवीकडे?" ती बोट दाखवायची. एकदा कणीक मळता मळता गेली ती डोंगरावरच्या चांदबिबी महालावर पोचली तेव्हा मनगटाला पीठ वाळलेलं, वर वाऱ्यात बसून तिने ते नखाने खरवडून काढलं आणि चेतन म्हणाला, "ठेव थोडं, दशम्या करू." एकदा भाजी आणायला म्हणून निघाले आणि जामखेडला त्याच्या आईच्या दारात जाऊन उभे राहिले. भागिरथीबाईंनी आधी कुणी गेलं की काय म्हणून छातीला हात लावला, मग दोघांना मनसोक्त शिव्या घातल्या, मग चुलीपुढे बसवून भाकरी वाढली. परत येताना थंडीने कुडकुडत तिने त्याच्या पाठीला गाल लावला होता, आणि पाठीच्या आतून त्याचं गुणगुणणं तिच्या गालाला लागत होतं. मग मैत्री झाली. दोन तास मांडीवर हलवून, थोपटून, गाणी म्हणून लेक एकदाची झोपली होती आणि खाली हॉर्न वाजला. दोनदा. प्रज्ञा गॅलरीत धावली आणि असल्या आवाजात ओरडली, "वाजवू नको रे!" की वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. त्यानंतर हॉर्न वाजला नाही. चेतन तर गेटपाशीच इंजिन बंद करायला लागला. हाताने गाडी ढकलत, बुटांचा आवाज न करता आत यायचा. शेजारणी म्हणायच्या, किती समजूतदार नवरा आहे गं तुझा. तिलाही तेव्हा ते गोडच वाटलं होतं. आता मात्र तिला वाटलं, गाडी ढकलत येणारा माणूस कुठून आला, कधी आला, हे घरातल्याला कळणार कसं?

त्या दिवशीही तो तसाच आला. सम्यकला ताप चढलेला, मैत्रीने दोन्ही पायांत डावीच चप्पल घालायचा हट्ट धरलेला. प्रज्ञाने दार उघडलं आणि आधी त्याच्या पायांकडे बघितलं. मोजे पायात होते, एकाची टाच वर आलेली.

"उशीर झाला आज?"

"लाईनला प्रॉब्लेम होता. सुटताच येईना." असं म्हणत त्याने सम्यकला तिच्याकडून घेतलंसुद्धा. "काय रे वाघा, टोचलं का? डॉक्टरला चावायचं की नाही?"

"पाणी देऊ? का तहान नाही?"

"दे की. सकाळपासून घोटभर प्यायला नाही, इतकी मारामारी."

ती पाणी आणायला आत गेली आणि माठापाशी उभी राहिली. किती सहज बोलला! सुटताच येईना. पाणी देताना तिने मुद्दाम जवळ वाकून वास घेतला. आल्याचा आणि लिंबाचा वास होता. एखादी बाई नवऱ्याच्या शर्टाला अत्तराचा वास शोधते, ही आल्याचा शोधत होती, आणि तो मिळाल्यावर तिला झालेला संताप अत्तर मिळाल्यापेक्षा काही कमी नव्हता. बरं, एवढं करून माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. त्याने पोराला कडेवर घेऊन तास-दीड तास फेऱ्या मारल्या, मैत्रीला डाव्या चपला घालून गच्चीवर फिरवून आणलं, वरण-भात भरवला. सगळं हसत केलं. अरे, हसशीलच की, तिच्या मनात आलं. मलाही कुणी रोज दोन तास सावलीत बसवलं, तर मीही दोन्ही पायांत डावी चप्पल घालून हसत फिरेन.

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. तीन वाजले की तिचं डोकं घर सोडून मनमाड रोडला जायचं. आता त्याने गाडी लावली असेल. आता बूट काढले असतील. एक पाय वर. इकडे ती सम्यकच्या नाकातला शेंबूड काढत असायची आणि तिकडे तो बांबूला पाठ टेकत असायचा, आणि दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी दिसायच्या. वरच्या मजल्यावर पंकजा नावाची एक मुलगी भाड्याने राहायची, बँकेत होती, एकटी. ती बोटात किल्ली फिरवत दोन दोन पायऱ्या एकदम उतरायची. पूर्वी प्रज्ञा तिच्याकडे बघून हसायची. आता किल्लीचा आवाज आला की तिच्या कपाळावर आठी यायची. एकदा पंकजा म्हणाली, "अहो, काल सहज मनात आलं म्हणून भंडारदऱ्याला जाऊन आले," आणि प्रज्ञा म्हणाली, "वा! छान!" आणि दार लावून घेऊन स्वयंपाकघरात एक स्टीलची वाटी आपटली. सहज म्हणे! एका संध्याकाळी तिने करून बघितलं. चेतन घरात होता, पोरं त्याच्याजवळ होती, कोथिंबीर संपली नव्हती तरी संपली म्हणून ती बाहेर पडली. गेटपर्यंत गेली. डावीकडे की उजवीकडे? काहीच सुचलं नाही. हातातली पिशवी हलवत ती उभी राहिली, वॉचमनने विचारलं, "काय पाहिजे का मॅडम?" तर तिने कोपऱ्यावरच्या गाडीवरून कोथिंबीर घेतली आणि पळत वर आली. वर तिघंही मजेत होते. तिला कुणी विचारलं नाही, इतक्यात कशी आलीस? फ्रिजमध्ये तिने कोथिंबिरीशेजारी कोथिंबीर ठेवली आणि तिला रडू आलं. आपल्याला आता निघता येत नाही, हे तिला त्या दिवशी पुरतं कळलं. कडी वरची असो की खालची, दारातच काही नव्हतं. जे काय होतं ते तिच्यात बसलं होतं, आणि चेतनमध्ये ते बसलं नव्हतं. पोरं दोघांची, मग हे एकटीलाच का?

बोलून टाकायचं होतं की. दोन वाक्यांचं काम. पण बोललं की पुढे काय होणार हे तिला पाठ होतं. चेतन आधी गोरामोरा होणार, मग जवळ घेणार, मग म्हणणार, "तू पण जात जा ना! रविवारी तीन ते पाच मी बघतो पोरांना, तू मस्त फिरून ये." आणि मग दर रविवारी तीनला तो बदक हातात घेऊन दारात उभा राहणार, जा ना, जा की, म्हणत, आणि तिने हसऱ्या तोंडाने जायचं आणि पाचला यायचं आणि तो विचारणार, "मग, काय केलं?" तसलं नको होतं तिला. कुणी दिलेलं नको होतं. त्याने तिला विचारून बाक घेतला होता का? त्याने घेतला होता. तिलाही तसाच घ्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर दुसरा कुठला नको होता, त्याचाच हवा होता. चोरी पकडायची नव्हती तिला. चोरी करायची होती.

एप्रिलमध्ये जामखेडहून सासूबाई आल्या. बरोबर शेंगदाण्याची चटणी, वाळवलेल्या कुरडया आणि खालच्या मजल्यावरच्या गायकवाडबाईंना मोठ्याने 'जयभीम' घालण्याची उमेद. सासरे सहादू तिकडे गुडघ्याने बेजार, पण "त्याला म्या सांगून आले, चार दिस हातानं भाकर खा, मरत न्हाईस." नातवाला त्यांनी मांडीवर आडवा टाकून तेलाने असा चोळला की तो ओरडायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. दुपारी दोन्ही पोरं एकदम झोपली. असं गेल्या वर्षभरात झालं नव्हतं. भागिरथीबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, "तोंड का गं असं वाळल्यावानी? काय बोलला का त्यो?"

"नाही हो आई. उन्हाने असेल."

"ऊन आमाला बी लागतं. म्या चार लेकरं वाढवली, पर मनात आलं की उठायची न् शिवारातनं हिंडून यायची. सासू वरडायची. वरडंना का."

"आणि पोरं?"

"पोरं कुटं जात्यात?" भागिरथीबाई जांभई देत म्हणाल्या.

प्रज्ञा गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली. म्हणजे यांनाही यायचं निघायला! हिलाच तेवढं येत नव्हतं. सम्यकचा एक मोजा दोरीवर लावला, दुसरा लावायचा म्हणून ओठात धरलेला चिमटा हातात घेतला, आणि खाली बघितलं. खाली काही नव्हतं, कुणी आलं नव्हतं, हॉर्न तर नव्हताच. तिने मोजा बादलीत टाकला, चिमटा कुठे ठेवला कुणास ठाऊक, आणि दारात जाऊन म्हणाली, "आई, मी आलेच." पायात घरातल्या स्लिपर होत्या. हातात मोबाईल होता, त्याच्या कव्हरात शंभराची नोट. जिना उतरताना ती दोन पायऱ्या एकदम उतरली आणि रिक्षात बसल्यावर तिला पहिल्यांदा भीती वाटली.

रसवंतीत कुणी नव्हतं, तीन वाजायला अजून वेळ होता. मालक चाळिशीचा, गळ्यात टॉवेल, नाव रामहरी, हे मागच्या पत्र्यावरच लिहिलेलं होतं. ती सरळ त्या बाकावर जाऊन बसली. पाठ बांबूला टेकवली. पाय वर घ्यायचं धाडस झालं नाही. रामहरीने बटण दाबलं, चरक फिरायला लागला, त्याला बांधलेले घुंगरू छुमछुमायला लागले, आणि त्या आवाजात तिला सम्यक रडताना ऐकू आला. स्वच्छ. तिने कान दिला, तर घुंगरू. जरा वेळाने पुन्हा रडणं. बाई गं, म्हणजे इथेही! रस थंडगार होता, आलं जास्त होतं, आणि तिला एक घोट घेऊन घड्याळ बघावंसं वाटलं, दुसरा घोट घेऊन उठावंसं वाटलं. समोरून ट्रक जात होते. चेतन यात काय बघत होता? तिने त्याच्यासारखं नुसतं बघायचा प्रयत्न केला, तर तिला दिसलं, की मैत्री उठली असेल, स्टूल शोधत असेल, स्टूल माळ्यावर आहे, बरं झालं. तिला त्याचा असा राग आला, की तिने ग्लास खाली आदळला. त्याला बसता येत होतं. बाक तोच, रस तोच, आणि हिला बसताही येत नव्हतं.

"ताई, चिमटा ऱ्हायलाय," रामहरी म्हणाला. तिने खांद्याकडे बघितलं. ओढणीला निळा चिमटा लटकत होता. तिने तो काढून ग्लासशेजारी ठेवला.

"गडबडीत निघाले," ती म्हणाली.

"निघावं तसंच. आमचं एक गिऱ्हाईक हाय, दादा, कंपनीतलं. रोज येत्यात, ह्याच बाकावर बसत्यात. त्यांची बायको तशीच हाय म्हनं. खाली हॉर्न दिला की आसंल तशी येती. एकदा पिठाच्या हातानं गेल्ती म्हनं डोंगरावर." रामहरी उसाची कांडी पुसत मनापासून हसला. "लई कवतिक सांगत्यात बायकोचं. म्या म्हनलं, लेकरं? तर न्हाईत म्हनले. आमी दोघंच, म्हनले. मनात आलं की निघतो."

प्रज्ञा चिमट्याकडे बघत राहिली. म्हणजे दुसरा ग्लास होता. तिला दिसला नव्हता एवढंच. रोज तीन वाजता या बाकावर एक बाई येऊन बसत होती, मनगटाला पीठ लागलेली, मोकळी, हसरी, वाटेल तिकडे बोट दाखवणारी, जिला कधी गॅलरीतून ओरडावं लागलं नव्हतं, जिच्या अंगाला दुधाचा नि तापाच्या औषधाचा वास नव्हता. आणि चेतन तिच्याबरोबर दोन तास काढून मग इंजिन बंद करून, गाडी ढकलत, घरी येत होता. आणि ती कोण, तर हीच! प्रज्ञाला जन्मात कुणाचा एवढा मत्सर वाटला नव्हता. दुसरी कुणी असती तर तिचं तोंड ओरबाडता आलं असतं. हिला काय करायचं? आणि पोरांचं काय? नाहीत म्हणाला. तापात फणफणलेलं ते एवढंसं पोर, ज्याला कडेवर घेऊन हा फेऱ्या मारतो, त्याला नाही म्हणताना याची जीभ अडखळली नाही?

"तुमाला किती लेकरं, ताई?" रामहरीने सहज विचारलं.

प्रज्ञा म्हणाली, "नाहीत."

म्हणून टाकलं. जीभ अडखळली नाही. आणि काय झालं, तर घुंगरांतलं रडणं थांबलं. एक ट्रक गेला, मग एक दुधाची गाडी, मग नुसता रस्ता, पलीकडे एक चिंचेचं झाड होतं आणि त्याच्या खाली एक कुत्रं अंग खाजवत होतं. तिने एवढा वेळ ते झाड बघितलंच नव्हतं. खांदे खाली आले. आपण किती दुष्ट आहोत, हे तिला कळत होतं आणि रस गोड लागत होता, दोन्ही एकदमच. तिने स्लिपर काढली आणि एक पाय वर घेतला.

मोटरसायकल थांबली. चेतन हेल्मेट काढत जाळीखाली आला, नेहमीच्या बाकाकडे वळला आणि जागच्या जागी उभा राहिला. "प्र—" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"या दादा, या! आज तुमचा बाक ताईंनी घेतला. तुमच्यावानीच हायेत, लेकरंबाळं न्हाईत. तुमी तिकडं स्टुलावर बसा."

चेतनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. तो बसला. बूट काढले नाहीत. रामहरीने नेहमीसारखा रसाचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला. प्रज्ञा त्याच्याकडे बघत होती, बसमध्ये समोर बसलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी, आणि तो काहीतरी बोलायच्या आधी तिनेच विचारलं, "तुम्ही रोज येता इथे?"

"रोज," तो म्हणाला. "आणि तुम्ही?"

"आजच. सहज मनात आलं."

"बरं वाटतं इथे," तो हळूच म्हणाला. "काही नाही, नुसतं बसायचं."

"हो. सावली आहे. घरी वाट बघत नाही का कुणी?"

"बघत असेल." तो ग्लासातल्या फेसाकडे बघत होता. "ती आधी अशी नव्हती. म्हणजे मीही नव्हतो."

"अच्छा," प्रज्ञा म्हणाली. क्षणभर तिला हसू फुटेल असं वाटलं, त्यालाही. त्याच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला, तो पूर्वी गाडी कोपऱ्यावर थांबवून मागे वळून बघताना जायचा तसा. तेवढ्यात बाकावर तिचा फोन थरथरला. 'आई'. तिने तो पालथा घातला. थरथरून थरथरून तो थांबला. आणि चेतनचा वाजला, मोठ्याने.

त्याने उचलला. भागिरथीबाईंना फोनवर हळू बोलता येत नाही, आवाज जाळीबाहेर रस्त्यापर्यंत गेला. "आरं चेतन, बारकं उठलंय, माय माय करून रडाया लागलंय, माज्याकडं ऱ्हाईना. प्रज्ञा आलेच म्हनून गेली ती फोन बी उचलंना. तू तरी ये रं बाबा लवकर!"

"आलो," तो म्हणाला आणि फोन खाली घेतला. त्याने प्रज्ञाकडे बघितलं. ती उठेल म्हणून बघितलं. चार वर्षं ती उठत आली होती, ताटावरून, अंघोळीतून, झोपेतून. प्रज्ञाने चिंचेच्या झाडाकडे बघितलं. छातीत काहीतरी उठलं होतं, पायापर्यंत आलं होतं. तिने पाय हाताने धरून ठेवला.

"तुमच्या घरून आहे ना?" ती म्हणाली. "जा तुम्ही."

रामहरीचे हात थांबले होते. "दादा, लेकरू? तुमी तर म्हनला हुता—"

"आहे," चेतन म्हणाला. बोलत होता रामहरीशी आणि बघत होता तिच्याकडे. "दोन आहेत. मुलगी साडेचार वर्षांची आहे. मुलाचं नाव सम्यक." मग तो हेल्मेट विसरून बाहेर गेला, परत येऊन घेऊन गेला. ग्लास तसाच भरलेला राहिला.

रामहरीने टॉवेलला हात पुसले. मग म्हणाला, "मानसं बी काय बोलत्यात, ताई." प्रज्ञा म्हणाली, "अजून एक द्या. आलं कमी." त्याने बटण दाबलं, चरक फिरला, घुंगरू वाजले, आणि ते नुसते घुंगरूच होते. इतक्यात रस्त्याच्या कडेला हॉर्न वाजला. दोनदा. ती गॅलरीतून ओरडली तेव्हापासून न वाजलेला, लांबट, मध्ये किंचित थांबलेला, तसाच्या तसा. गाडी चालू होती, चेतन मागे वळून बघत होता, मागची सीट रिकामी होती. हाच हवा होता ना तिला? याच्यासाठीच ना एवढा जळफळाट? ग्लासशेजारचा चिमटा उचलून तिने इतका दाबला की बोटाला वळ उठला.

रामहरीने रस्त्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग तिच्या पायांतून निघालेल्या घरच्या स्लिपरकडे. "ताई," तो चाचरत म्हणाला, "तुमाला तर न्हाई बोलवत?"

"नाही," प्रज्ञा म्हणाली. "त्यांच्या बायकोला बोलवत असतील. ती येते ना, असेल तशी."

हॉर्न पुन्हा वाजला नाही. गाडी थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग गेली, आवाज करत, भिस्तबागच्या दिशेने. रामहरीने दुसरा ग्लास आणून तिच्यापुढे ठेवला. प्रज्ञाने दुसरा पायही वर घेतला.